वटवाघळांच्या रिसर्चला जायचंय, घरचे नको म्हणतात

प्रश्न: मी गडचिरोली जिल्ह्यातली, बीएस्सी झूऑलॉजी लास्ट इयर. मोहाच्या फुलांवर येणाऱ्या वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या एका टीमला मार्च-एप्रिलसाठी व्हॉलंटियर हवेत. पगार नाही, राहणं-जेवण फ्री. आई म्हणते निपाह होईल, बाबा म्हणतात रात्री जंगलात जायचं नाही. जाऊ का? वटवाघूळ हातात धरावं लागतं का?

उत्तर: जा गं, नक्की जा. पण वटवाघूळ हातात धरायचं नाही. मिस्ट नेटमधून, म्हणजे वटवाघळं पकडायच्या बारीक धाग्यांच्या जाळीतून, ते सोडवणं हे शिकलेल्या माणसाचंच काम, ग्लोव्ह्ज-मास्क घालून आणि रेबीजची लस आधीच घेऊन. पहिल्याच रात्री कोणी तुझ्या हातात दिलं तर त्या टीममध्ये थांबू नकोस.

आईची भीती उगाच नाहीये. 2018 ला केरळातल्या कोझिकोडमध्ये वटवाघळांमधून पसरणाऱ्या निपाह विषाणूने माणसं गेली, आणि आपल्या महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्येही पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) या विषाणूच्या खुणा सापडल्यात. म्हणून झाडाखालचं मोहफूल उचलून तसंच तोंडात टाकायची सवय असेल तर ती तिथे बंद, आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. पण मला विचारशील तर बाबांचं म्हणणं जास्त मोठं आहे, कारण मोहाच्या सीझनला अस्वलंही फुलं खायला झाडाखाली येतात आणि तुमच्याकडे वाघ आहेतच, त्यामुळे गावातला माहीतगार माणूस सोबत असल्याशिवाय अंधारात एकटीने पाऊलही टाकायचं नाही.

आता तुझं काम. बरंचसं फुलांचं. फांदीवरच्या कळ्या मोजायच्या, टॅग लावायचा, मग काही घोसांना जाळीची पिशवी फक्त रात्री बांधायची, काहींना फक्त दिवसा, काहींना कायम, आणि काही उघडेच ठेवायचे. नंतर कुठल्या घोसाला किती फळं धरली ते मोजलं की कळतं परागीभवन रात्री येणाऱ्यांनी केलं की दिवसा येणाऱ्यांनी. एक टॅग बदलला गेला तर त्या फांदीची सगळी मेहनत वाया, इतकं ते नाजूक असतं. नेटमध्ये वटवाघूळ आलं की रिसर्चर त्याच्या तोंडाजवळच्या केसांवर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच दाबतो, ती स्लाइडवर चिकटवतो आणि तू लगेच त्यावर तारीख, वेळ, झाडाचा नंबर लिहायचा. ते पिवळट परागकण मायक्रोस्कोपखाली बघायला मिळाले तर सोडू नकोस.

आणि हे काम मला खरंच फार महत्त्वाचं वाटतं, कारण 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं चक्क उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, ती यादीच 2022 च्या दुरुस्तीत गेली, पण लोकांच्या डोक्यातून अजून गेली नाही. तुझ्या भागातले लोक मोहावर जगतात, वटवाघळं मोहासाठी काय करतात हे त्यांना तू तुमच्याच भाषेत सांगू शकशील, बाहेरून आलेल्या रिसर्चरला ते नाही जमत.

हो म्हणायच्या आधी वनखात्याची परवानगी, अपघात विमा, लसीचा आणि प्रवासाचा खर्च, सर्टिफिकेट हे सगळं ईमेलवर लेखी माग. ते पत्र बाबांना दाखव, आणि जमलं तर टीम लीडरशी त्यांचं फोनवर बोलणं करून दे.