लहान नगर पंचायतीने बांधकाम परवानगी आणि तपासणीचं काम बाहेरच्या संस्थेला द्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तालुक्याच्या गावातली नगर पंचायत, सतरा प्रभाग, एकच कनिष्ठ अभियंता आणि त्याच्याकडेही शेजारच्या नगर पंचायतीचा अतिरिक्त प्रभार. नकाशे महिनोन्महिने पडून राहतात. एका खासगी संस्थेने नकाशा तपासण्यापासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंतचं (म्हणजे बांधून झालेली इमारत वापरायच्या परवानगीपर्यंतचं) सगळं काम घेण्याचा प्रस्ताव दिला आहे, मोबदला म्हणून जमा होणाऱ्या शुल्कातला ठरावीक टक्का. पुढच्या सभेत ठराव आहे आणि नगरसेविका म्हणून तुम्हाला मत द्यायचं आहे.

मी स्थापत्य अभियंता. पूर्व विदर्भातल्या नगर परिषदांच्या बांधकाम विभागात नोकरी केली, तिथूनच निवृत्त झालो. माझं मत असं की बाहेरची माणसं घ्या, पण साईटवरच्या तपासणीसाठी घ्या, आणि शुल्कातल्या टक्क्यावर तर मुळीच घेऊ नका.

अडचण खरी आहे, हे आधी मान्य करतो. २०१५ च्या आसपास आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणच्या बहुतेक ग्रामपंचायतींच्या नगर पंचायती झाल्या. लाखनी, मोहाडी, सालेकसा, सिंदेवाही, सावली, कुरखेडा, मारेगाव, समुद्रपूर ही सगळी त्याच लाटेतली. पाटी बदलली आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना (एमआरटीपी) कायदा, १९६६ प्रमाणे ही गावं स्वतःच नियोजन प्राधिकरण, म्हणजे बांधकाम परवानगी देणारी, झाली. पण ते काम करणारी माणसं पाटीसोबत आली नाहीत. त्यात कलम ४५ सांगतं की ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमात बसणाऱ्या नकाशाला परवानगी मिळाली असं मानलं जाईल. म्हणजे फाईल पडून राहते तेव्हा नुसता अर्जदाराला त्रास होत नाही, तुमच्या कार्यालयाचा नकार देण्याचा हक्कही हातातून जातो.

सभेआधी एक काम करा. गेल्या वर्षभराचं आवक रजिस्टर मागवून घ्या आणि भूखंडाच्या आकाराप्रमाणे फायली मोजायला सांगा. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर ठरलेले कागद आणि शुल्क दिलं की पोचपावती हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरमध्ये परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनियरच्या प्रमाणपत्रावर १० दिवसांत परवानगी द्यायची. आपल्या गावांतले ले-आऊटमधले प्लॉट कितीचे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे : हजार, दीड हजार, दोन हजार चौरस फूट. ३०० चौरस मीटर म्हणजे सुमारे ३,२०० चौरस फूट. तुमच्या बहुतेक फायली या दोन गटांतच निघतील असा माझा अंदाज आहे. मग ज्या छाननीचा भार नियमावलीने आधीच उतरवला, त्याच छाननीसाठी संस्थेला टक्का का द्यायचा? एवढ्या फायली तरीही पडून राहत असतील तर कारण बहुधा वेगळं असतं. कोणाच्या टेबलावर किती दिवस, हे त्याच रजिस्टरमध्ये दिसेल.

आपल्याकडे खरी पोकळी कागदात नाही, पायाच्या खड्ड्यात आहे.

नियमाप्रमाणे परवानगीनंतर तपासणीचा ठळक टप्पा जोत्याचा. पण जोता वर येईपर्यंत फुटिंग, म्हणजे पायाचं तळचं कॉंक्रीट, गाडलं गेलेलं असतं. वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसाळ्यात फुगते. वरचा थर दरवर्षी असा हलत असतो. त्या थराच्या खाली, मुरमापर्यंत खड्डा नेला तर घर टिकतं. दोन फूट कमी खणून मिस्त्रीने कॉंक्रीट टाकलं तर पहिल्या वर्षी काही कळत नाही. दोन-तीन पावसाळे गेले की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, दारं चौकटीत अडकायला लागतात, आणि तोवर ठेकेदार पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली फुगवटा असलेल्या पाईल्सची (जमिनीत खोलवर नेलेल्या कॉंक्रीटच्या खांबांची) पद्धत विकसित केली, आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक काट्टींनी न फुगणाऱ्या मातीचा थर देण्याची पद्धत मांडली. ज्ञान कधीचं उपलब्ध आहे. पण दहा बाय दहाच्या दोन खोल्या बांधणाऱ्या माणसापर्यंत ते पोचवायला कोणीतरी खड्ड्याच्या काठावर उभं राहावं लागतं, आणि तेही कॉंक्रीट पडायच्या आधी.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तऱ्हा वेगळी. तिथे धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, ले-आऊट पडतात. बांधीत तीन-चार फूट मुरमाची भर टाकतात, ती दाबतात थोडी आणि दाखवतात जास्त. खड्डा भरावातच संपला की खालच्या मूळ जमिनीपर्यंत फुटिंग पोचतच नाही. हे नकाशावर दिसत नाही. परवानाधारक इंजिनियरची सही असलेल्या प्रमाणपत्रावरही दिसत नाही, कारण त्याचे पैसे घरमालक देतो आणि पुष्कळदा तो साईटवर गेलेलाच नसतो.

म्हणून मी म्हणेन, करार फायलींचा करू नका, भेटींचा करा. तीन भेटी : फुटिंगचं कॉंक्रीट पडण्याआधी खड्ड्याची, जोत्याची, आणि स्लॅब टाकण्याआधी सळईची. शेवटच्या भेटीत वरून जाणारी वीजवाहिनीही पाहायची, कारण ३३ केव्हीच्या तारेपासून उभं ३.७ मीटर आणि आडवं २ मीटर अंतर लागतं आणि गच्चीचा कठडा उभा राहिल्यावर ते भरून काढता येत नाही. प्रत्येक भेटीचा दर ठरवा. भेटीचा फोटो, खड्ड्यात टेप धरून मोजलेली खोली, खाली काय लागलं त्याची नोंद, तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश. हे आलं तर पैसे, नाही तर नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलांचे हप्ते असेच टप्प्याटप्प्याच्या जिओ-टॅग फोटोंवर सुटतात, त्यामुळे तुमच्या कार्यालयाला ही पद्धत नवीन नाही. फक्त त्या फोटोंत भिंत दिसते, खड्ड्याची खोली दिसत नाही.

एक अडचण इथे येईल, ती आधीच सांगतो. खड्डा तयार झाला की मिस्त्री थांबत नाही. थांबणंही परवडत नाही, कारण एक सर आली की काळ्या मातीच्या भिंती आत बसतात. तेव्हा घरमालकाने कळवल्यापासून दुसऱ्या कामाच्या दिवशी माणूस हजर झालाच पाहिजे, नाहीतर मालकाने स्वतः फोटो काढून काम पुढे न्यायचं आणि संस्थेला त्या भेटीचा दंड. ही अट घातली की लांबच्या शहरात बसून लॅपटॉपवर काम करणारी संस्था आपोआप बाजूला होते. तपासणारा तालुक्यातच राहणारा हवा, एवढं धरूनच ठेवा.

आता टक्क्याची गोष्ट. शुल्कातला टक्का दिला की संस्थेचं लक्ष जिथे शुल्क मोठं तिथे जाणार : बसस्टँडजवळचं कॉम्प्लेक्स, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप. घरकुलवाल्याचं शुल्क नाममात्र, त्याच्या खड्ड्यावर कोण जाईल? आणि खरी गरज त्यालाच आहे, कारण अडीच लाखांच्या अनुदानात बांधणाऱ्याजवळ भेगा दुरुस्त करायला पुन्हा पैसे नसतात. दुसरा धोका असा की परवानगी नाकारली तर संस्थेचंच उत्पन्न बुडतं. असा माणूस नाही म्हणणार नाही.

घरमालकाने थेट तपासणाऱ्याला पैसे द्यायचे, अशी सूचनाही सभेत येईल. तिला विरोध करा. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स राज्याने १९९८ पासून खासगी प्रमाणकांना बांधकाम तपासायची मुभा दिली, आणि त्यांची फी विकासकच देत होता. डिसेंबर २०१८ मध्ये सिडनीतल्या नव्याकोऱ्या ओपल टॉवरला तडे जाऊन रहिवाशांना बाहेर काढावं लागलं, जून २०१९ मध्ये मॅस्कॉट टॉवर्सची तीच गत झाली. त्याच वर्षी राज्याला वेगळा बिल्डिंग कमिशनर नेमावा लागला. श्रीमंत देश, शिकलेले लोक, तरी ज्याचं काम तपासायचं त्याच्याकडूनच पैसे घेण्याची ही रचना तिथे सांभाळता आली नाही.

छाननीतला एक भाग मात्र कोणत्याही दराने बाहेर जाऊ नये : जमीन कोणती आहे ते ठरवणं. आपल्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, महसुली कागदांत झुडपी जंगलाच्या, म्हणजे खुरट्या झाडोऱ्याच्या जमिनीच्या, नोंदी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल हे वनच असल्याचं सांगितलं आणि १२ डिसेंबर १९९६ च्या आधीच्या आणि नंतरच्या वाटपांसाठी वेगवेगळी वाट दाखवली. सातबाऱ्यावरची ती ओळ आणि फेरफारची तारीख पाहिल्याशिवाय नकाशाला हात लावायचा नसतो. नझूलचे, म्हणजे वस्तीतल्या सरकारी जमिनीचे, पट्टे आहेत, त्यांच्या मुदती संपलेल्या असतात. मालगुजारी (जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले) तलाव आहेत, ज्यांच्या सांडव्याचा नाला कोणत्या ले-आऊटमधून जात होता हे गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावं लागतं. वैनगंगेकाठी निळी आणि लाल पूररेषा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं, कारण खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. असं काही बाहेरच्या संस्थेच्या तपासणी-यादीत नसतं. ते तलाठी, भूमी अभिलेख, वनविभाग आणि तुमचा अभियंता यांनी एकत्र बसून पाहायचं आहे. अभियंत्याला फेऱ्यांतून मोकळं करायचं ते याच कामासाठी.

जबाबदारीविषयी सभेत कोणी म्हणालं की “संस्था नेमली म्हणजे आपण सुटलो”, तर त्यांना रायगड जिल्ह्यातल्या महाडची आठवण द्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी तिथली तारिक गार्डन ही इमारत कोसळली, १६ माणसं गेली. गुन्हा बिल्डर, आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागाराबरोबर नगर परिषदेच्या तेव्हाच्या मुख्याधिकारी आणि अभियंत्यावरही दाखल झाला. कायद्याने परवानगी देणारं प्राधिकरण नगर पंचायत आहे, आणि ठरावाने ते बदलत नाही. संस्थेने अहवाल द्यावा, शिफारस करावी. सही मुख्याधिकाऱ्यांचीच राहील.

आणि सहीचा डोंगलही (डिजिटल सही साठवलेलं पेन-ड्राइव्हसारखं साधन) त्यांच्याच खिशात राहील, हे ठरावात शब्दशः लिहून घ्या. ऑनलाइन परवानगी आल्यापासून डिजिटल सहीचा डोंगल कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेला मी बऱ्याच कार्यालयांत पाहिला आहे. मुख्याधिकारी साहेब दौऱ्यावर आणि सह्या सुरू. खासगी माणूस त्या खुर्चीवर बसला की परवानगीच त्याच्या हातात गेली. लॉगिन प्रत्येकाचं वेगळं, आणि मंजूर नकाशे, भेटींचे फोटो, मोजमापं ही सगळी माहिती नगर पंचायतीच्या ताब्यात, दर महिन्याला एक प्रत कार्यालयात जमा. नाहीतर करार संपला की नोंदीही संस्थेबरोबर जातात आणि पुढची निविदा निघते तेव्हा त्याच संस्थेशिवाय कोणाला काम करताच येत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सँडी स्प्रिंग्ज या शहराने २००५ मध्ये स्थापनेपासूनच जवळजवळ सगळा कारभार खासगी कंपनीकडे दिला होता, जगभर त्याचं उदाहरण दिलं जायचं. २०१९ मध्ये त्या शहराने बहुतेक सेवा परत स्वतःकडे घेतल्या, पाच वर्षांत सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर वाचतील असा त्यांचाच हिशेब होता. परत घेता आल्या हे महत्त्वाचं. तुमच्याकडे नोंदीच नसल्या तर ती वाट बंद होईल.

माझ्या मनातला पर्याय वेगळा आहे, आणि सभेत तो मांडणारं कोणीतरी हवं असं मला फार वाटतं. शेजारच्या तीन-चार नगर पंचायतींनी मिळून दोन तरुण स्थापत्य अभियंते मानधनावर घ्यावेत. शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेली कितीतरी मुलं-मुली पुण्याकडे जायच्या तयारीत घरी बसली आहेत. त्यांना मोटारसायकल भत्ता, टेप, भेटींचं वेळापत्रक आणि जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात काही दिवसांचं प्रशिक्षण द्या. अट एकच : त्या हद्दीत त्यांनी खासगी नकाशे करायचे नाहीत. खर्च विकास शुल्कातून भागतो का, हे लेखापालाला विचारा. शुल्क फारच कमी जमा होत असेल तर आणखी एक नगर पंचायत जोडून घ्या.

आणि सभेचा कल संस्थेच्याच बाजूने असेल, तर निदान ठरावात एवढं बदलून घ्या : मुदत एक वर्ष, दर भेटीप्रमाणे, पैसे नगर पंचायतीच्या खात्यातून, संस्थेला आणि तिच्या भागीदारांना आपल्या हद्दीत नकाशे दाखल करायला बंदी, आणि दर तिमाहीला दहापैकी एका भेटीची तुमच्या अभियंत्याने स्वतः साईटवर जाऊन फेरतपासणी. फेरतपासणीत खड्ड्याची खोली खोटी निघाली तर त्या तिमाहीचं बिल अडवायचं. मसुदा हातात आला की इथेच टाका, मी कलमवार वाचून सांगतो.