मुक्काम आपल्या पायावर

चि. पोरा,

सप्रेम जय भीम.

तुझा मेसेज मिळाला. थायलंडातलं कंत्राट मार्चअखेर संपतंय, नव्या नोकरीचं नक्की नाही, बायको तिथलीच, आणि एजंट म्हणतो लग्नाच्या आधारावर व्हिसाची मुदतवाढ घ्या, खात्यातले पैसे मी दाखवतो. तुझी आई परवा वेचणीवरून जाताना दारात थांबली होती. तिला व्हिसातलं काही कळत नाही, पोरगा रात्री झोपत नाही एवढं मात्र कळतं.

तू दोन गोष्टी विचारल्यास. सोपं काय पडेल, आणि घरात थाई बायको असताना मी पन्नाशीनंतर निवृत्तीच्या आधारावरच्या मुदतवाढीवर का गेलो. दुसरीचं उत्तर आधी देतो. पहिलीचं त्यातच आहे.

लग्नावर मुदतवाढ घ्यायची तर नवऱ्याच्या खात्यात चार लाख बाथ, अर्जाच्या दोन महिने आधीपासून, किंवा महिन्याला ४०,००० उत्पन्न. वयाची अट नाही, आणि वर्क परमिट मिळू शकतं. निवृत्तीवर घ्यायची तर पन्नास पूर्ण लागतात, खात्यात आठ लाख किंवा महिन्याला ६५,००० उत्पन्न, आणि काम करायला बंदी. फी दोन्हीकडे सारखीच, १,९०० बाथ. म्हणजे ज्याची बायको थाई तो डोळे मिटून लग्नावरच जातो. निम्म्या पैशात भागतं ना! मीही बरीच वर्षं गेलो. गिरणीत नोकरी होती, काम करणं भाग होतं.

पण त्या निम्म्या पैशाच्या बदल्यात काय द्यावं लागतं ते एजंट सांगणार नाही. दरवर्षी अम्फोत, म्हणजे तिथल्या तहसिलीत, जाऊन लग्नाच्या नोंदीचा ताजा उतारा काढायचा. बायकोचं तबियनबान, म्हणजे घराच्या नोंदीचं पुस्तक, तिचं ओळखपत्र, तिच्या सह्या. घरात दोघांनी बसून काढलेले फोटो, घराच्या नंबराजवळ उभं राहून काढलेले फोटो, घराचा नकाशा, साक्षीला शेजारी. कधी अधिकारी घरी येऊन बघून जातात. एवढं झाल्यावर पासपोर्टवर तीस दिवसांचा ‘विचाराधीन’ शिक्का बसतो आणि पुन्हा हेलपाटा. कष्टांचं मला काही नाही, आपण कष्टाला भिणारी माणसं नाही. मला खुपलं ते वेगळंच.

एका वर्षी आमचं जोराचं वाजलं. तिच्या भावाला द्यायच्या पैशांवरून. बोलणं बंद होतं आणि मुदतवाढीची तारीख जवळ आली. मला जे म्हणायचं होतं ते मी गिळलं, कारण तिची सही हवी होती. ती आली, सह्या केल्या, सोफ्यावर माझ्या शेजारी बसून फोटोला हसली. पुढे केव्हातरी तिनेच सांगितलं की तिनेही तेव्हा बरंच गिळलं होतं. आत्ता बोलले तर याला वाटेल कागदावरून धमकी देतेय, म्हणून ती गप्प राहिली. पोरा, नवरा-बायकोला मोकळेपणानं भांडता आलं पाहिजे. आमच्या भांडणात इमिग्रेशन येऊन बसलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं, पन्नाशी झाली की मुक्काम आपल्या पायावर.

आठ लाख म्हणजे आपल्या रुपयांत वीस लाखांच्या वर. लोक हसले. गिरणीतले सहकारी म्हणाले, बायको असताना दुप्पट पैसे कोण अडकवतं? सासरच्यांना वाटलं माझा विश्वास नाही, बायकोलाही लागलं. मी तिला सांगितलं, विश्वास आहे म्हणूनच करतोय. तू माझी बायको आहेस, तुला जामीनदार करायचं नाही मला. पटायला तिला वेळ लागला. मला आजही वाटतं मी बरोबर होतो.

त्याची किंमतही सांगतो, नाहीतर म्हणशील काका फक्त बरं तेवढंच सांगतात. निवृत्तीवर गेलो आणि वर्क परमिट गेलं. तिची छोटी खानावळ होती. दुपारी गर्दी व्हायची, तिचं मनगट दुखायचं, आणि मी ताट उचलायला उठत नव्हतो, कारण ते काम ठरलं असतं. आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडची पऱ्हाटी खाल्ली तेव्हा माझ्या भावाचा फोन आला होता. माझी मुदतवाढ जानेवारीत, पैसे खात्यात बसवून ठेवायचे महिने तेच. काढले असते तर देश सोडावा लागला असता. भावानं सावकाराचे घेतले. ते व्याज मी नंतर फेडलं, पण त्या हंगामात तो एकटा होता ही गोष्ट काही केल्या फिटत नाही. २०१९ पासून तर नियम आणखी आवळला. मुदतवाढीनंतरही तीन महिने आठ लाख तसेच ठेवायचे, पुढे वर्षभर चार लाखांच्या खाली जायचं नाही. एवढं असूनही मी तेच केलं असतं. आमच्या गल्लीत एक म्हातारे परदेशी राहायचे, लग्नावर. बायको वारली. पुढची मुदतवाढ त्या आधारावर होणार नव्हती, तेव्हा रक्षा थंड व्हायच्या आत ते आठ लाखांच्या मागे धावत होते. मला तसं धावायचं नव्हतं.

आता तुझं. तू एकतिशीचा, निवृत्तीचं दार तुला बंद आहे. नोकरीवरचा मुक्काम मालकाच्या पायावर असतो, नोकरी सुटली की त्याच दिवशी तो आधार संपतो, हे तू आत्ता भोगतोच आहेस. म्हणून तू लग्नावरच घे. हो, मीच सांगतोय. पण चार लाख तुझे स्वतःचे, तुझ्या एकट्याच्या नावच्या खात्यात, तुझ्या पगारातून आलेले. कमी पडत असतील तर मला सांग, मी उसने देतो आणि तू फेडायचे. सासऱ्याचे नकोत आणि एजंटचे तर मुळीच नकोत. तो चार दिवस पैसे फिरवून बँकेचं पत्र मिळवून देईल, पुढच्या वर्षी दुप्पट मागेल, आणि पकडला गेलास तर शिक्का तुझ्या पासपोर्टवर बसेल. एवढं शिकलेला तू, हे मला सांगावं लागतं याचा राग येतो.

मुदतवाढ झाली की लगेच वर्क परमिटच्या मागे लाग. बायको कमावते म्हणून बसून राहू नकोस. दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा रिपोर्ट तू स्वतः भर. आईला भेटायला यायचं झालं तर आधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी, काढ, एकदाच जायचं तर १,००० बाथ, कितीही वेळा जायचं तर ३,८००. ते न काढता विमानात बसलास तर सगळी मुदतवाढ वाया. ही कामं तिच्यावर टाकू नकोस. कायद्यानं लागते तेवढी सही तिच्याकडून घे, त्यापलीकडे मुक्काम तुझ्या पायावर.

तू म्हणशील, काका, तुम्ही एवढे हटवादी, मग काकू इथे कशावर राहतात? माझ्यावर. आपल्या देशात निवृत्तीचा व्हिसाच नाही. माणूस साठीचा असो, गाठीला कितीही पैसा असो, त्या आधारावर इथे राहता येत नाही. तिच्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे परदेशी नागरिकाला इथे राहू देणारं भारत सरकारचं कार्ड, ते माझी बायको म्हणून. अर्जाला लग्न नोंदून सलग दोन वर्षं झालेली लागतात, आमची कधीच झाली होती. पण उद्या घटस्फोट झाला तर कार्ड रद्द. तिला इथे शेतजमीनही विकत घेता येत नाही, आणि वावरातली तूर माझ्यापेक्षा तिला जास्त कळते. तिथे मी आठ लाख मोजून माझा पाय सोडवून घेतला. इथे तिला ती सोय कुठल्याच किमतीला नाही. म्हणून मी घरात एक केलंय. बँकेत तिच्या एकटीच्या नावानं ठेव आहे, उद्या परत जावंसं वाटलं तर तिकीट आणि तिथलं वर्षभराचं भाडं निघेल एवढी. तिनं मागितली नव्हती. भांडण झालं की ती मला हवं ते बोलते, आणि मला ते हवं आहे.

तुझ्या बायकोला विचारलंस का तिला काय वाटतं? तुझ्या मेसेजात तिचं एक वाक्य नाही. हे पत्र तिला थाईत सांग, सगळं, खानावळीचं आणि भांडणाचंसुद्धा. काकूला फोन करायला लाव, त्या दोघींचं बोलणं आपल्यापेक्षा सरळ होतं. एजंटला आजच नाही म्हण. पासबुकाच्या शेवटच्या पानाचा फोटो पाठव, मग किती कमी पडतात ते बघू.

तुझा,
काका