रेशनच्या रांगेत लावलेली स्कुटी आणि गल्लीभर झालेली चर्चा

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत, म्हणून बाकीची पुढच्या अंकाला ठेवलीत. नाव कुणाचंच छापलेलं नाही, तसं कळवलंच होतं तुम्ही.

प्रश्न : ताई, आम्ही सांगलीत राहतो, शंभर फुटी रोडच्या आतल्या बाजूला, सासऱ्यांच्या दोन खोल्या आहेत. मिस्टर मार्केट यार्डात हमाली करायचे, हळदीची पोती. दीड वर्षापूर्वी मणका सरकला तेव्हापासून घरीच आहेत. मी दोन घरचा स्वयंपाक करते, महिन्याला साडेचार हजार मिळतात. केशरी कार्ड आहे, चौघांचं वीस किलो धान्य येतं. सकाळी साडेसहाला कामावर पोचायचं असतं म्हणून भावानं त्याची जुनी स्कुटी मला दिली. गेल्या महिन्यात रेशनला गेले तर मशीनवर अंगठाच उठेना, पदराला पुसून पुसून चारदा लावला, मागं लाईन वाढली, तेवढ्यात आमच्याच गल्लीतल्या एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, स्कुटीवरनं यायचं आणि फुकटचा गहू न्यायचा, आमच्या टॅक्सवर चाललंय सगळं. लोक हसले. दुकानदार पण म्हणाला, फुकट मिळतंय तर थांबायला काय होतंय. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या स्कुटीचा फोटो, पुढं पोतं ठेवलेलं, खाली लिहिलेलं ‘गरीब लाभार्थी’. पोरगी नववीत आहे, तिनं तो बघितला. आता ती रेशनची पिशवी हातात धरत नाही, साडीच्या दुकानाची मोठी कॅरीबॅग घेऊन येते आणि दुकानातच धान्य तिच्यात ओतायला लावते. परवा बॅगेचा बंद तुटला आणि रस्त्यावर गहू सांडला, ती तिथंच रडली. मला वाटतंय ते धान्यच नको. काय करू?

उत्तर : ताई, धान्य सोडायचं नाही. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग कागदावर हिशोब मांडला. साडेचार हजार गुणिले बारा, वर्षाचे ५४ हजार. अन्न सुरक्षा कायदा झाला २०१३ ला, आपल्या राज्यात तो लागू झाला फेब्रुवारी २०१४ पासून, आणि त्यात प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वर्षाला ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजार अशी उत्पन्नाची मर्यादा ठरली. तुम्ही त्या मर्यादेच्या आत आहात, म्हणजे माणशी पाच किलो हा तुमचा कायद्यानं हक्क आहे, कुणी उपकार करत नाहीये. आणि ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजाराच्याही आत, त्यात अख्खं घर! ज्या बाई बोलल्या त्यांनी एवढ्या पैशात चार माणसांचा एक महिना काढून बघावा असं मला मनापासून वाटतं.

आता स्कुटीचं. केशरी कार्डाच्या अटींत चारचाकी गाडी नसावी असं आहे, त्यातही टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला सूट आहे. दुचाकीबद्दल त्यात काही नाही. आणि समजा स्कुटी विकली, जुन्या गाडीचे किती येणार, दोन महिने किराणा भागेल आणि मग साडेसहाचं काम हातातनं जाईल, म्हणजे जी वस्तू तुम्हाला कमवायला मदत करते तीच विकून टाका मग आम्ही तुम्हाला गरीब मानू, असं ते म्हणणं झालं. लोकांना गरीब माणूस फाटक्या कपड्यातच दिसायला पाहिजे असतो. नीट इस्त्रीचं पातळ नेसलं की शंका. अहो, ज्या घरात मिस्टर हमाली करत होते त्या घरात तेव्हा घेतलेला मिक्सर असणार, टीव्ही असणार, पोरीचा बरा ड्रेस असणार, आजारपण आलं म्हणून या वस्तू काय रातोरात गायब होतात का?

टॅक्सचं म्हणाल तर तुम्ही तीनशेचं रिचार्ज मारता त्यात १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे पंचेचाळीसेक रुपये तुमच्याच खिशातनं सरकारात जातात. साबण, चप्पल, पोरीच्या वह्या ठेवायचं दप्तर, सगळ्यावर तुम्ही टॅक्स भरलेला आहे. ‘आमचा टॅक्स’ म्हणणाऱ्यांच्या त्या ‘आमचा’मध्ये तुम्ही पण आहात.

अंगठ्याचं सांगते, कारण खरी गोची तिथं झाली असं मला वाटतंय. ज्या बायका भांडी घासतात, कणीक मळतात, हळद निवडतात त्यांच्या बोटाच्या रेषा झिजतात आणि मशीन ओळखत नाही, हा तुमचा दोष नाही, आयुष्यभर राबल्याची ती खूण आहे. पण त्या मशीनपुढं ती दोन-तीन मिनिटं जी जातात ना, तेवढ्यात मागच्यांची जीभ सुटते. कार्डावर ज्यांची नावं आहेत त्यातल्या कुणाचाही अंगठा चालतो, म्हणून ज्या महिन्यात मिस्टरांना चालता येत असेल त्यांना घेऊन जा, आणि घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी झालीय का तेवढं बघून घ्या, नसेल तर नाव बंद होऊ शकतं. मशीनमधनं पावती निघते ती दरवेळी मागून घ्या, किती किलो दिलं ते तिच्यावर असतं. दुकानदाराला प्रत्येक क्विंटलमागं सरकारकडनं मार्जिन मिळतं, तुमच्यासारखे कार्डवाले आहेत म्हणून त्याचं दुकान आहे, तेव्हा पुन्हा असं बोलला तर शांतपणे सांगा की तहसीलच्या पुरवठा शाखेत तक्रार करेन. खरंच करा. १९६७ हा हेल्पलाईनचा नंबर पण आहे.

ग्रुपवरच्या फोटोबद्दल, ग्रुपच्या अ‍ॅडमिनला एकच मेसेज टाका, सगळ्यांसमोर नको, पर्सनलवर. ‘तो फोटो माझ्या परवानगीशिवाय काढलाय, माझी मुलगी नववीत आहे, आज काढून टाका.’ स्पष्टीकरण द्यायला जाऊ नका. मिस्टरांचा मणका, तुमचा पगार, हे त्यांना सांगायची गरज नाही, तुमचं उत्पन्न तपासायचा अधिकार पुरवठा खात्याला आहे, गल्लीला नाही.

आणि पोरगी. तिला समजावत बसू नका, तिला कार्ड दाखवा. या कायद्यात घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही कार्डासाठी कुटुंबप्रमुख धरली जाते. तुमच्या घरात ती बाई तुम्ही असाल तर पहिलं नाव तुमचंच असणार, मग तिला तुमच्या नावावर बोट ठेवून वाचायला लावा. आईचं नाव कुटुंबप्रमुख म्हणून पहिल्यांदाच बघत असेल ती. कॅरीबॅगचं म्हणाल तर वापरू दे तिला ज्या पिशवीची लाज वाटत नाही ती पिशवी, फक्त बंद मजबूत असलेली घ्या. लाज जायला वेळ लागतो, तोवर गहू सांडायला नको.

प्रश्न : मी कराडचा, निवृत्त. तुमच्या सदरात नेहमी गरिबांची बाजू घेतली जाते. पण माझा अनुभव वेगळा आहे. फुकट धान्यामुळं लोक आळशी झालेत, शेतात बाईमाणूस मिळत नाही. आमच्या इथं गल्लीत टेम्पो येतो आणि लोक रेशनचा तांदूळ त्याला विकतात. ७२ चा दुष्काळ आम्ही पण बघितला, आम्ही कुणापुढं हात पसरला नाही.

उत्तर : काका, तुमचा राग मी समजू शकते आणि टेम्पोची गोष्ट खरी आहे, मी पण बघितलीय. रेशनचं धान्य विकणं आणि घेणं दोन्ही चूक आहे, त्याला मी पांघरूण घालणार नाही. पण विकणारा काय घेतो त्या पैशातनं ते पण बघा. आपल्याकडं ताटात रोजची भाकरी, आणि रेशनवर बऱ्याचदा तांदळाचा वाटा जास्त येतो. तेल नाही, डाळ नाही, मीठ-मिरची नाही. मग बाई सात-आठ किलो तांदूळ देते आणि अर्धा लिटर तेल आणते. हे नियमात बसत नाही, पण याला आळस म्हणता येत नाही, आणि जो टेम्पो भरभरून नेतो त्याच्याबद्दल गल्लीत कुणी बोलत नाही, बोलतात ते त्या बाईबद्दल. टेम्पोचा नंबर पुरवठा खात्याला कळवा ना. गावात दक्षता समिती असते रेशनसाठी, कायद्यातच आहे ती, तुमच्यासारख्या निवृत्त माणसानं तिथं जाऊन बसावं असं मला फार वाटतं.

पाच किलो म्हणजे दिवसाला एकशे पासष्ट-सत्तर ग्रॅम. दीड-दोन भाकरी. त्यावर कुणी काम सोडून बसत नाही हो. शेतावर बाई येत नसेल तर तिला तिथं किती हजेरी मिळते आणि दुसरीकडं किती मिळते ते एकदा विचारून बघा.

७२ चं तुम्ही काढलंत म्हणून सांगते. मी माण तालुक्यातली. तेव्हा मी सात वर्षांची होते, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथं सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे. ती स्वतः खायची नाही, पदराच्या टोकाला गाठ मारून आणायची आम्हा भावंडांना. घरी येताना ती गाठ कमरेला आत खोचून यायची, बाहेरनं दिसू नये म्हणून. अख्खं गाव त्याच खडीवर होतं काका, सगळ्यांच्या पदराला तीच गाठ होती, तरी ती झाकायची. अमेरिकेतनं आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, तो पण आम्ही खाल्लाय, त्याची भाकरी थापताना तुटायची. तुमच्या घरी नसेल आला, पण तुमच्या गावात नक्की आला असणार. कुणाचा हात पसरला आणि कुणाचा नाही हे तेव्हा ज्याच्या त्याच्या विहिरीला पाणी होतं का नाही त्याच्यावर होतं.

आणि फार मागं जायला नको. २०१९ चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गावभागातली, बंगल्यातली माणसं होडीतनं बाहेर आली आणि शाळांच्या हॉलमध्ये खिचडीसाठी रांगेत थांबली. मी तिथं वाढायला होते. एका बाईंच्या हातात सोन्याच्या पाटल्या होत्या, त्या ताट धरून उभ्या होत्या आणि सारख्या पाटल्या मागं सारत होत्या पदराखाली. मी काही बोलले नाही, भात वाढला. नंतर पूरग्रस्तांना सरकारनं दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ दिला तेव्हा पण बऱ्या घरातल्यांनी नेला, आणि न्यायलाच पाहिजे होता, घरात गुडघाभर चिखल होता. त्यांना कुणी आळशी म्हणालं नाही. काका, त्या हमालाच्या मणक्यात जे झालं तो पण त्या घरात आलेला पूरच आहे, फक्त तो एकट्याच्याच घरात आला.

प्रश्न : मी साताऱ्यात कॉलेजला आहे, मूळचा पाटण भागातला, रूम करून राहतो. दुपारी शिवभोजन थाळी खातो. मित्र म्हणतात ती भिकाऱ्यांसाठी असते, तू खाऊन गरिबाचं ताट ओढतोस. तिथं फोटो पण काढतात, त्याचं टेन्शन येतं.

उत्तर : बाळा, ही थाळी सुरू झाली २६ जानेवारी २०२० ला आणि ती घ्यायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, दहा रुपये लागतात. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. बाहेरगावाहून आलेले, मजूर, विद्यार्थी, सिव्हिलला पेशंट घेऊन आलेले नातेवाईक, सगळ्यांसाठी आहे ती. फोटो हा केंद्रवाल्यानं खरंच किती थाळ्या दिल्या याच्या हिशोबासाठी असतो, तो कुठं लावत नाहीत. घरनं पैसे किती येतात हे तुला माहीत आहे, मित्रांना माहीत नाही. पोटभर जेव आणि दोनच्या लेक्चरला जा. आणि मधूनअधून घरी फोन करून आईला सांगत जा काय जेवलास ते, तिला सगळ्यात जास्त तीच काळजी असते.