कॉम्पॅक्टचं टॉप मॉडेल की मिडसाइजचं खालचं? आधी मागच्या सीटवर तिघांना बसवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घरात पाच माणसं, तुम्ही नवरा-बायको, आई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा, राहायला डोंबिवली, गाव संगमेश्वरजवळ, ऑन रोड बजेट चौदा लाख आणि ओढूनताणून पंधरा, तर त्यात कॉम्पॅक्ट एसयूव्हीचं टॉप मॉडेल घ्यावं की मिडसाइजचं खालचं. सगळे तुम्हाला मायलेज आणि सनरूफ सांगतायत म्हणून म्हटलं आपणही लिहावं, कारण मी याच घोळात दोनदा पडलोय.

आधी माझं सांगतो. मी पुण्यात, सिंहगड रोडला राहतो, गाव कुडाळजवळ. माझ्याकडे 2020 पासून कॉम्पॅक्ट आहे, कोल्हापूरला असणाऱ्या दादाकडे मिडसाइज. कंपन्यांची नावं मुद्दाम सांगत नाही, नाहीतर मूळ मुद्दा राहतो बाजूला आणि लोक आपापल्या गाडीची बाजू घेऊन भांडत बसतात. तर मागच्या गणपतीला आमच्याकडे आई-बाबा दोघंही होते आणि दादा-वहिनी दोघंच जाणार होते, म्हणून कोल्हापूरला आम्ही गाड्यांची अदलाबदल केली. जाताना पुणे ते कोल्हापूर माझी आणि पुढे दादाची, येताना गावापासून पुण्यापर्यंत दादाचीच. म्हणजे एकाच ट्रिपमध्ये तीच माणसं, तेच सामान, दोन्ही गाड्या. यापेक्षा चांगली टेस्ट ड्राइव्ह कुठला शोरूम देणार नाही.

आता पहिला गैरसमज. लोकांना वाटतं मिडसाइज म्हणजे मागे तीन माणसं आरामात. तसं नाहीये. कॉम्पॅक्टची लांबी 4 मीटरच्या आत ठेवतात ती टॅक्ससाठी, रुंदीला तशी काही अट नाही, त्यामुळे रुंदीत कोणी काटकसर केलेली नसते. कॉम्पॅक्टमधली नेक्सॉन 1804 मिलिमीटर रुंद आहे आणि मिडसाइजमधली क्रेटा 1790, म्हणजे छोटी म्हणतात तीच चौदा मिलिमीटरने रुंद! कॉम्पॅक्टमधली ब्रेझासुद्धा 1790 च. त्यामुळे खांद्याला खांदा लागणं दोन्हीकडे सारखंच, मधल्या माणसाचे हाल दोन्हीकडे. उलट कुशाक, टायगुन मिडसाइजमध्ये मोडतात पण मागे दोघांनाच बऱ्या, तिसरा अंग चोरून बसतो.

फरक पडतो तो लांबीत, म्हणजे गुडघ्यापुढची जागा आणि डिकी. नेक्सॉन 3995 मिलिमीटर, क्रेटा 4330. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2498 आणि 2610, म्हणजे साधारण अकरा सेंटिमीटरचा फरक. अकरा सेंटिमीटर कागदावर काहीच वाटत नाही, पण माझ्या बाबांची उंची पाच फूट दहा आणि मी पण तेवढाच, मी माझी सीट मागे घेतली की माझ्या गाडीत बाबांचे गुडघे सीटच्या पाठीला टेकतात, ते तासाभराने तिरके बसायला लागतात आणि मग मधे बसलेल्या मुलीवर सरकतात, आणि मग मुलगी ओरडते, आणि मग बायको मला म्हणते सीट पुढे घे, आणि मग मी स्टिअरिंगला पोट लावून गाडी चालवतो. दादाच्या गाडीत हे झालं नाही. त्यात मागची पाठ थोडी मागे कलते, दोन टप्पे आहेत, आई राधानगरीच्या आधीच झोपली ती थेट घाटाखालच्या फोंड्याला उठली. आमच्या गाडीत आई कधी झोपत नाही, मान खाली पडते म्हणते.

तुमच्याकडे अजून एक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. चार वर्षांच्या मुलाला चाइल्ड सीट लागणार, लावायलाच पाहिजे, मांडीवर घेऊन बसणं बंद करा. ती अडकवायचे आयसोफिक्सचे हुक मागे दोन्ही खिडक्यांकडच्या जागांना असतात, मधे नसतात. म्हणजे एक खिडकी मुलाची झाली. दुसरी खिडकी आईंची, कारण त्यांना चढा-उतरायला दार पाहिजे. राहिली मुलगी, ती मधे. आता शोरूममध्ये ते मधलं बघायचं. तिथे तीन पॉइंटचा बेल्ट आहे का, डोक्यामागे उशी आहे का, पायाखाली उंचवटा किती आहे, एसीचं मागचं व्हेंट नेमकं तिच्या गुडघ्यात येतं का. आणि चाइल्ड सीट लावल्यावर मधल्या बेल्टचं बक्कल तिच्या हाताला येतं का की चाइल्ड सीटखाली दबतं. आमच्याकडे दबायचं. रोज सकाळी शाळेच्या घाईत ते बक्कल उपसून काढायचं म्हणजे काय असतं ते ज्याने काढलंय त्यालाच माहीत.

डिकीचं बोलू. लिटरचे आकडे वाचा पण त्यावर फार जाऊ नका. ब्रेझा 328, नेक्सॉन 382, क्रेटा 433, मिडसाइजमधली एलिव्हेट 458. आणि कायलॅक कॉम्पॅक्ट असून 446 देते, म्हणजे इथेही मोठी गाडी मोठी डिकी असा सरळ हिशोब नाही. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) बॅटरी मागे असल्यामुळे 265 च उरतात, मिडसाइजचे पैसे भरून ब्रेझापेक्षा छोटी डिकी. सीएनजी घेणार असाल तर सिलिंडर कुठे बसवलाय ते स्वतः डिकी उघडून बघा. तुम्ही कोकणातले, म्हणजे जातानाचं सामान मोजून उपयोग नाही, येतानाचं मोजायचं. आम्ही जाताना तीन बॅगा नेल्या आणि येताना त्या तीन बॅगा, नारळाचं अर्धं पोतं, कोकमाची बरणी, तांदूळ, आणि काकूने ऐनवेळी आणून दिलेला भोपळा. माझ्या गाडीत हे नेलं असतं तर भोपळा बाबांच्या मांडीवर आला असता. पार्सल ट्रे काढून छतापर्यंत भरता येतं पण मग मागचं काही दिसत नाही आणि करकचून ब्रेक मारला की नारळ पुढे.

आता इंजिन. इथे कॉम्पॅक्ट म्हणजे ताकद कमी असं धरून चालू नका, पण जास्त असंही नाही, नीट बघून घ्या. नेक्सॉनचं 1.2 लिटरचं टर्बो (हवा दाबून आत ढकलणारं इंजिन) 120 पीएस ताकद आणि 170 न्यूटन मीटर ओढ देतं, क्रेटाचं साधं 1.5 पेट्रोल 115 आणि 144. कागदावर छोटीच जोरात. पण व्हेन्यू किंवा सोनेटचं साधं 1.2 घेतलंत तर ते 83 पीएस आणि 114 न्यूटन मीटर, पाच माणसं, एसी, भरलेली डिकी आणि घाट, की पहिला-दुसरा गिअर आणि घों घों आवाज. ब्रेझा आणि ग्रँड विटाराच्या साध्या पेट्रोलमध्ये तर इंजिन एकच, 1462 सीसीचं, 103 पीएस, त्यामुळे हलकी असलेली ब्रेझा चालवायला जास्त चपळ वाटते. माझं मत विचाराल तर तीन सिलिंडरचं टर्बो पळतं छान, पण चढावर वळण संपून परत गाडी उचलताना एक क्षण काहीच होत नाही आणि मग एकदम ओढतं. फोंडा घाटात मागे एसटी चिकटलेली असताना तो एक क्षण फार मोठा वाटतो. साध्या चार सिलिंडरला हा त्रास नाही, फक्त गिअर वेळेवर पाडावा लागतो. तुमच्या रस्त्यावर कशेडीचा बोगदा झाल्यापासून घाट तसा उरला नाही म्हणा, आणि रोजचं डोंबिवली-कल्याण, तिथे कुठलंही इंजिन रांगेत उभंच राहतं. ग्राउंड क्लीअरन्सवरून पण मिडसाइज घेऊ नका, नेक्सॉन 208 मिलिमीटर आहे आणि क्रेटा 190.

पैशाचं सांगतो, कारण इथे 22 सप्टेंबर 2025 पासून गणित बदललंय. लांबी 4 मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंत असेल तर जीएसटी 18 टक्के. दोन्हीतली एक अट जरी मोडली की थेट 40. आधी छोट्या पेट्रोलला सेस धरून 29 होता आणि क्रेटाच्या वर्गाला 45, म्हणजे स्वस्त दोन्ही झाल्या पण छोटी जास्त झाली. ब्रेझा इथे मार खाते, लांबी बसते पण इंजिन 1462 सीसी, म्हणून 40 टक्क्यांत. त्यामुळे ती त्या 18 टक्केवाल्यांच्या शेजारी उभी केली की महाग वाटते, यात डीलरची लबाडी नाही. कपातीनंतर नेक्सॉन साडेसात लाखांच्या आत सुरू झाली आणि क्रेटा पावणेअकराच्या आसपास, एक्स शोरूम.

वर आरटीओ. महाराष्ट्रात पेट्रोलला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाख 12 टक्के, डिझेलला दोन टक्के जास्त. आणि हा टक्का पूर्ण किमतीवर लागतो, वरच्या फरकावर नाही. म्हणजे 9 लाख 90 हजारांच्या गाडीला 1 लाख 8 हजार 900, आणि 10 लाख 10 हजारांच्या गाडीला 1 लाख 21 हजार 200. वीस हजारांच्या फरकाला बारा हजारांचा टॅक्स. 10 लाखांच्या वर एक टक्का टीसीएस (विकतानाच कापून घेतलेला इन्कम टॅक्स) पण घेतात, तो मात्र इन्कम टॅक्स रिटर्न भरताना परत मागता येतो, बरेच जण विसरतात. थर्ड पार्टी इन्शुरन्स 1000 ते 1500 सीसी एकाच गटात, तिथे फरक नाही. डीलर त्यावर हँडलिंग, लॉजिस्टिक, टेफ्लॉन असल्या नावाने काय काय लावतो, माझ्याकडून एकाने साडेआठ हजार मागितले होते, कशाचे ते लिहून द्या म्हटल्यावर शून्य झाले.

पार्किंगवरून लोक घाबरवतात तेही बघा. आमच्या सोसायटीत माझी जागा मी टेपने मोजलीय, साडेचार मीटर लांब आणि 2.3 रुंद. दादाची गाडी तिथे उभी राहिली, लांबीला पण राहिली, फक्त मागे भिंत असल्यामुळे डिकी उघडायला गाडी आधी पुढे घ्यावी लागली. रुंदीला दार उघडण्याचा त्रास तर माझ्या गाडीला पण तेवढाच आहे, कारण वर सांगितलं तसं रुंदी सारखीच. तुमच्याकडे मेकॅनिकल पार्किंग असेल तर मात्र पाटीवर लांबी, उंची आणि वजन काय लिहिलंय ते वाचून घ्या, सेक्रेटरीला विचारू नका, पाटी वाचा.

आता तुमचं. मी स्वतः या दिवाळीत परत कॉम्पॅक्टच बुक करतोय, टर्बो पेट्रोल, कारण आमची मागची सीट एरवी भरलेली नसते, आई-बाबा वर्षातून दोन-तीनदाच बरोबर असतात आणि तेवढ्यासाठी दादाची गाडी आहे. पण तुमच्या आई कायम तुमच्याबरोबर राहतात, म्हणजे मागची सीट रोज भरलेली, आणि मुलगी नऊची आहे, पाच वर्षांत तिचे पाय तुमच्याएवढे होणार. गाडी तुम्ही सात-आठ वर्षं वापरणार. तुम्ही मिडसाइजच घ्या, 1.5 साधं पेट्रोल, मॅन्युअल, खालून दुसरं-तिसरं मॉडेल. एक्स शोरूम सव्वाबारा लाखांची गाडी बारा टक्के टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून साडेचौदाच्या आसपास बसते. सनरूफ जाईल, हवा येणाऱ्या सीट जातील, मोठा स्क्रीन जाईल. सहा एअरबॅग आता बहुतेक गाड्यांत खालच्या मॉडेलपासून आहेत, तरी त्या आणि भारत एनकॅपचे (गाडी आपटून घेतात त्या सुरक्षा चाचणीचे) स्टार कुठल्या गाडीला किती ते बघून घ्या, या बाबतीत नेक्सॉन आणि 3एक्सओ पाच स्टारवाल्या आहेत, छोट्या असून.

फक्त एका परिस्थितीत उलट सांगेन. सर्वात खालचं मॉडेल बसवायलाच पंधराच्या वर जावं लागत असेल, किंवा तुम्हाला ऑटोमॅटिकच पाहिजे असेल, कारण कल्याण-शीळ रोडला रोज क्लच दाबून डावा गुडघा जातो हे मला मान्य आहे, तर मग त्याच पैशात टर्बो ऑटोमॅटिक कॉम्पॅक्ट बघा आणि डिकीसाठी वर कॅरिअर लावून घ्या.

शोरूमला जाताना पाचही जण जा. रविवारी नको, रविवारी सेल्समनला वेळ नसतो. घरातली चाइल्ड सीट बरोबर न्या, ती लावू द्या म्हणून आग्रह धरा, आणि गणपतीला नेता त्याच बॅगा डिकीत ठेवून झाकण लावून बघा. तुम्ही तुमच्या सवयीने सीट लावा, मग आईंना मागे बसवा आणि वीस मिनिटं गाडी फिरवा, पाच मिनिटांत कोणाचेच गुडघे दुखत नाहीत. आईंना विचाराल तर त्या म्हणतीलच की मला चालतं रे काहीही, तर विचारू नका, नुसतं आरशातून बघा त्या सरळ बसल्यायत का तिरक्या.