‘गळाली तर मी काय करू?’

स्टोमा, म्हणजे मल बाहेर पडण्यासाठी शस्त्रक्रियेने पोटावर केलेले आतड्याचे तोंड, ज्यावर मल साठवणारी पिशवी लावतात. तो असलेल्या व्यक्तींकडून मी सर्वाधिक वेळा ऐकलेला प्रश्न हाच आहे : “चारचौघांत बसले असताना पिशवी गळाली तर मी काय करू?” ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलून येथे जिची हकीकत सांगते, त्या बावन्न वर्षांच्या बाईंनीही पहिल्याच भेटीत तो विचारला. इलिओस्टॉमीची, म्हणजे लहान आतड्याचे तोंड पोटावर आणण्याची, शस्त्रक्रिया होऊन चार महिने झाले होते आणि रोज सकाळी मैत्रिणींबरोबर बॅडमिंटन खेळणाऱ्या या बाईंनी तेव्हापासून घराचा उंबरठा क्वचितच ओलांडला होता.

“काही होणार नाही,” असे घरचे त्यांना रोज सांगत होते आणि त्या दिवशी मीही तेच सांगितले. ती माझी चूक होती, कारण गळती कधीतरी होऊ शकते हे त्यांना माहीत होते. त्यांनी विचारले होते ते ‘काय करू’, आणि त्याचे उत्तर कोणीच दिले नव्हते.

पुढच्या भेटीत आम्ही ते उत्तर शब्दशः लिहून काढले. पिशवी त्वचेला चिकटवणाऱ्या चकतीखाली खाज किंवा जळजळ जाणवली, तर ती बहुधा गळतीची पहिली खूण असते. तेव्हा उठायचे, सोबतचा बटवा घेऊन स्वच्छतागृहात जायचे आणि पिशवी बदलायची. बटव्यात स्टोमाच्या मापाचे छिद्र आधीच कापून ठेवलेली चकती, नवी पिशवी, ओले-कोरडे रुमाल, जुनी पिशवी टाकण्यासाठी वेगळी थैली आणि कपड्यांचा एक जोड. घरच्या लहान न्हाणीघरात घड्याळ लावून त्यांनी याचा सराव केला. पहिल्यांदा पंचवीस मिनिटे लागली, आठवड्याने बारा.

याच बोलण्यातून दोन गोष्टी उघड झाल्या. शस्त्रक्रियेनंतर साधारण 6 ते 8 आठवड्यांत स्टोमा आकसतो, तरी त्या अजून रुग्णालयात सांगितलेल्या मापानेच छिद्र कापत होत्या. मोकळी राहिलेली त्वचा सोलवटत होती आणि चकती नीट चिकटत नव्हती. स्टोमा नर्सने नवे माप घेऊन दिले. दुसरी गोष्ट मला अधिक काळजीची वाटली. कुठे जायचे असेल त्या दिवशी त्या खाणे-पिणे बंद ठेवत. इलिओस्टॉमीत अन्नरस मोठ्या आतड्यापर्यंत जात नाही, त्यामुळे पाणी व मीठ शरीराबाहेर अधिक जाते. त्यात उपाशी राहिले तर चक्कर येते आणि रिकाम्या आतड्यात वायूचा आवाज उलट वाढतो. म्हणून मी त्यांना शल्यविशारदांकडे पाठवले. त्यांनी थोडे थोडे खाण्याचा आणि जलसंजीवनी घेण्याचा सल्ला दिला.

पहिले जाणे एका मैत्रिणीकडे, अर्ध्या तासापुरते ठरवले. पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करायची, एवढाच नियम. स्टोमाचा आवाज झाला तेव्हा त्यांनी त्यावर हलकेच तळहात ठेवला आणि गप्पा चालू राहिल्या.

खेळाबाबत मी घाई केली नाही. स्टोमाभोवती हर्निया होण्याचा धोका असतो, त्यामुळे आधी चालणे, मग शल्यविशारदांच्या संमतीने पोटाचे सौम्य व्यायाम, असा क्रम ठेवला.

आमच्या भेटी सुरू झाल्यापासून तिसऱ्या महिन्यात एका वाढदिवसाला पिशवी खरोखरच गळाली. “उठले, बदलली आणि परत येऊन बसले,” त्यांनी मला सांगितले, आणि लगेच विचारले, “आता रॅकेट कधी हातात घेऊ?”