दुसरं कडवं

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं गाणं तीनदा ऐकलं. एकदा गाडीत, एकदा हेडफोन लावून, आणि एकदा काकू भांडी घासत होती तेव्हा स्वयंपाकघरात मोठ्यानं लावून. दुसरं कडवं सुरू झालं तसा तिनं नळ बंद केला. त्याविषयी पुढे लिहितोच.

तुझा प्रश्न असा: प्रोड्यूसर म्हणतो बॅन्जो काढू, मशीनचा ठेका टाकू, म्हणजे गाणं पॉपच्या प्लेलिस्टमध्ये जाईल. तुझा गिटारवाला म्हणतो, मग ते कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या मातीतलं गाणं, राहणार नाही. कोणाचं ऐकू?

अगं, इथे नॅशव्हिलमध्ये, कंट्रीच्या या गावात, हे भांडण तुझ्या आजीच्या वयाचं आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या प्रोड्यूसरांनी फिडल आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि गुळगुळीत कोरस पुढे आणला, तेव्हाही कंट्री बुडाल्याची ओरड झाली होती. त्याच काळात ब्रॅडलींकडे गायलेली गायिका पॅट्सी क्लाइन आज इथे देवघरात बसवल्यासारखी आहे. १९७५ च्या सीएमए, म्हणजे कंट्रीच्या मोठ्या पुरस्कारांत, गायक चार्ली रिचनं विजेत्याच्या नावाचा कागद सगळ्यांसमोर लायटरनं पेटवला. नाव जॉन डेन्व्हरचं होतं, आणि पॉपवाल्याला दिलेली चपराक असाच लोकांनी त्याचा अर्थ लावला. गंमत म्हणजे रिचची स्वतःची गाणी पॉपच्या यादीत चढलेली होती!

आणि मी कोण बोलणारा? दादरला एका खोलीत हवाईयन गिटार शिकलो, इथे येऊन पेडल स्टीलवर, म्हणजे पायांनी पट्टे दाबत वाजवायच्या आडव्या स्टील गिटारवर बसलो. हवाईतून निघालेलं ते घसरतं वाजवणं एकीकडे हिंदी सिनेमात शिरलं, दुसरीकडे कंट्रीत. त्यामुळे माझ्या वाद्याकडे बोट दाखवून कोणी 'हे अस्सल' म्हणालं की मी गालात हसतो आणि मानधन घेऊन घरी येतो.

कंट्री गायिका शनाया ट्वेनचा २००२ चा 'अप!' हा अल्बम काढून ऐक. १९ गाणी, पण तीन वेगळ्या रूपांत. लाल तबकडी पॉप, हिरवी कंट्री, आणि निळी चक्क हिंदी सिनेमाच्या वळणाची, जी बर्मिंगहॅमच्या दुग्गल बंधूंनी सजवली. गाणी तीच, भोवतीचा साज तेवढा निराळा. ज्यांची चाल आणि शब्द पक्के होते ती तिन्हीकडे उभी राहिली. जी लेचीपेची होती, ती मला तरी तिन्हीकडे पडलेली वाटली. तेव्हा बॅन्जो ठेवायचा की काढायचा यावर तुम्ही तिघं दोन आठवडे डोकं फोडताय, ते कपडे निवडणं आहे. दोन्ही करून बघा, चांगलं दिसेल ते घाला.

मला त्यापेक्षा पट्टी खटकली. तू घरी पांढरी दोनवर गातेस, रेकॉर्डिंगमध्ये ते गाणं पांढरी चारवर नेलंय आणि ध्रुवपदात तू ओरडतेस. इथे सेशनवाले, म्हणजे रेकॉर्डिंगला बोलावलेले वादक, कॉर्ड आकड्यांत लिहितात, एक, चार, पाच. म्हणजे आपला सा कुठेही धरा तसंच. पट्टी बदलली तरी कागदावरचा एक आकडा बदलत नाही. वादकांना त्रास होईल म्हणून गप्प बसलीस ना? त्यांना तीस सेकंदसुद्धा लागत नाहीत. पुढच्या वेळी माइकसमोर उभं राहायच्या आधी सांगायचं.

आता कडव्यांकडे येतो. पहिल्यात पिकअप ट्रक आहे, कच्चा रस्ता आहे, अनवाणी पाय आहेत. तू कधी पिकअपमध्ये बसलीस? हे सामान इथल्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या कोणत्याही बारमध्ये तासाला दहा वेळा ऐकू येतं. दुसऱ्यात मात्र रात्रपाळीला निघालेली आई आहे, तिची जुनी कोरोला, आणि शेजारच्या सीटवर डबा, त्याला तिनं सीटबेल्ट लावलाय. का, तर एकदा वळणावर आमटी सांडली होती. काकूनं नळ बंद केला तो इथे. कंट्री म्हणतात ते हेच. बाजूला मशीनचा ठेका वाजो नाहीतर माझं स्टील. पहिलं कडवं फाड आणि आईच्या गाडीत बसून नव्यानं लिही.

एक कोरडी गोष्ट, पण दोनदा वाच. सकाळी तिघं एका खोलीत बसून गाणं लिहिता, तेव्हा इथला रिवाज गाण्याच्या हक्कांच्या सारख्या वाटण्यांचा आहे. तो पाळ, त्यात किरकिर करू नकोस. पण खोलीत नसलेला माणूस नंतर वाटा मागायला आला तर नाही म्हणायचं, मग तो कितीही मोठा असो. गायिका डॉली पार्टननं स्वतः लिहिलेलं १९७४ चं एक गाणं एल्विसला गायचं होतं. त्याच्या मॅनेजरनं प्रकाशन हक्कांतला अर्धा हिस्सा मागितला. ती रडली, पण नाही म्हणाली. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं गायलं आणि हक्क डॉलीचेच होते. टेलर स्विफ्टच्या जुन्या रेकॉर्डिंगची मालकी २०१९ मध्ये परस्पर विकली गेली. २०२१ पासून ती तेच अल्बम पुन्हा गात सुटली, आणि शब्द-चाल तिच्याच हातची असल्यामुळे तिचं पारडं जड राहिलं. शेवटी २०२५ मध्ये तिनं मूळ रेकॉर्डिंगही विकत घेतली. मी पंचविशीत एका करारावर न वाचता सही केली होती. त्या गाण्याचे मला आजवर मिळाले ते जेवणाचे पैसे. कागद आला की सही करण्याआधी माझ्याकडे आण, मग आपण वकिलाकडे जाऊ.

काउबॉय टोपीचं विचारलंस. घालू नकोस, तुला ती मोठी होते.

इथल्या ब्लूबर्ड कॅफेत सोमवारी ओपन माइक असतो, म्हणजे कोणीही नाव देऊन गाऊ शकतं. जेमतेम नव्वद खुर्च्या, मधेच कोणी बोललं तर बाकीचे श्श् करतात. एकटी जा, फक्त गिटार घेऊन, पांढरी दोन. आईची रात्रपाळी नसेल असा सोमवार बघ आणि तिला पुढच्या टेबलाशी बसव. सीटबेल्टची ओळ तिला आधी सांगू नकोस.

तुझा,
स्टीलवाला काका