बरोशी पहिली ओळख
अमेरिकेतील न्यू मेक्सिकोमधल्या फिलमाँट स्काउट रँच या स्काउटांच्या पदभ्रमण केंद्रावर तुमच्या तुकडीसोबत ओझ्याचे गाढव, म्हणजेच 'बरो', असणार असेल, तर सुरुवातीची काही मिनिटे ओझे न लादता त्याच्या खांद्याशी उभे राहून मान खाजवण्यात घालवा. मागून अचानक जवळ जाऊ नका. दोर हाताला गुंडाळणे ही नवख्यांची सर्वांत धोकादायक चूक आहे. जनावर बिचकले, तर बोटे जायबंदी होऊ शकतात. वाटेत ते थांबले, तर हट्टी समजून ओढू नका, कारण घाबरलेले गाढव घोड्यासारखे उधळण्याऐवजी बहुधा जागीच उभे राहून अंदाज घेते (आपणही घ्यावा). खोगिराखालची घोंगडी खडे-काटे झटकून, सुरकुती न ठेवता घाला आणि दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवा. ओझे जनावरावर आवळून बांधण्याची 'डायमंड हिच' ही गाठ तिथे शिकाल. आताच तिची चिंता नको.